जर्मन कायदा, फ्रेंच कायदा: एकच मसुदा दोघांना चालेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लीगल विभागात तुम्ही नुकतेच रुजू झालात. स्टुटगार्टकडच्या ग्राहकाला पुरवठा करारात जर्मन कायदा हवाय, लियाँचा ग्राहक फ्रेंच कायद्यावर अडून बसलाय. तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं असं की दोन्ही देश सिव्हिल लॉ परंपरेतले, दोघांकडे संहिता आहे, न्यायाधीश कलम वाचून निकाल देतो, जुन्या निवाड्यांना तिथे किंमत नाही. तेव्हा एकच मसुदा करा आणि देशाचं नाव तेवढं बदला. हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ऑफिसातला गोव्याचा सहकारी म्हणतो की आमच्याकडे नेपोलियनचाच कायदा चालतो, त्यात तथ्य किती, हेही.

एकच मसुदा चालणार नाही. मात्र तुमच्या वरिष्ठांचं निम्मं बरोबर आहे, हे आधी कबूल करायला हवं. दोन्ही कायद्यांची मुळं रोमन कायद्यात आहेत, दोन्हीकडे पाया संहितेचा आहे, आणि मोबदल्याशिवाय करार नाही हा आपला नियम दोन्हीकडे नाही. गाडं अडतं ते पुढे. मालाची मालकी नेमकी कधी हलते, करारानंतर परिस्थिती उलटली तर कोर्टाला काय करता येतं, आणि छापील अटींना कोर्ट किती कात्री लावतं, या तीन ठिकाणी दोघांचे रस्ते वेगळे आहेत. पुरवठा करारात भांडणं होतात तीही बहुतेक याच तीन ठिकाणी.

मी भारतीय वकील आहे. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये मला कोर्टात उभं राहता येत नाही. पण भारतीय पुरवठादारांच्या बाजूने असे करार वाचणं आणि तिथल्या वकिलांशी त्यावर हुज्जत घालणं, यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या भरवशावर लिहितोय. तुमच्या प्रकरणात बरंच काही यावर ठरेल: नुसता माल देताय की डिझाइन किंवा देखभालही, अटी कोणी लिहिल्या, वाद कोर्टात जाणार की लवादाकडे, आणि भांडण होईल तेव्हा माल कुठे पडलेला असेल. यातलं मला काहीच माहीत नाही, तेव्हा सही करण्याआधी तिथल्या वकिलाचं मत घ्याच.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय कलमांचा स्वभाव कळत नाही. फ्रेंच नागरी संहिता २१ मार्च १८०४ ची. पोर्तालिस, त्राँशे, बिगो द प्रेआमनो आणि मालव्हिल या चार अनुभवी कायदेतज्ज्ञांनी मसुदा केला, कौन्सिलमधल्या चर्चेच्या कित्येक बैठकांना नेपोलियन स्वतः अध्यक्ष होता. मूळ कलमं २,२८१. भाषा अशी की शिकलेल्या दुकानदाराला ती वाचता यावी. नुकसानभरपाईचं प्रसिद्ध कलम, जुना क्रमांक १३८२ आणि आताचा १२४०, एका वाक्यात संपतं: ज्याच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं, त्याने ते भरून द्यावं. क्रांतीआधीची वरिष्ठ न्यायालयं निकालाच्या नावाखाली सर्वसाधारण नियमच काढत असत, राजाच्या सुधारणाही अडवून धरत. त्याचा राग कलम ५ मध्ये उतरलाय. न्यायाधीशाने समोरच्या खटल्यापुरतं बोलावं, सर्वांना लागू होईल असा नियम करू नये. गंमत म्हणजे त्याच्या शेजारचं कलम ४ सांगतं की कायदा गप्प आहे, अपुरा आहे, या सबबीवर निकाल टाळणारा न्यायाधीश स्वतःच दोषी. म्हणजे नियम करायचा नाही आणि निकाल तर द्यायचाच. दोनशे वर्षांचा फ्रेंच न्यायव्यवहार याच कात्रीत चालला आहे.

जर्मनीत १८१४ मध्येच तिबो या प्राध्यापकाने सगळ्या जर्मन प्रदेशांसाठी एक संहिता मागितली होती. साविन्यी या दुसऱ्या कायदेपंडिताने विरोध केला. त्याच्या मते कायदा समाजात हळूहळू वाढतो आणि संहिता लिहिण्याइतकी आपली विद्या अजून पिकलेली नाही. पुढची काही दशकं प्राध्यापकांनी रोमन कायद्याची चिरफाड करून संकल्पनांची उतरंड रचली. तिचं फळ म्हणजे बीजीबी ही नागरी संहिता. ती १८९६ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १९०० ला लागू. कलमं २,३८५, भाग पाच, त्यातला पहिला 'सर्वसाधारण भाग'. जे जे सगळीकडे लागू होतं ते बाजूला काढून या भागात आधी सांगून टाकलंय. त्यामुळे जुन्या मोटारीच्या विक्रीचा साधा प्रश्न असला तरी तुम्हाला तीन-तीन भागांत उड्या माराव्या लागतात. ही संहिता वकिलांसाठी लिहिली आहे, आणि ते ती लपवतही नाही.

देशांच्या सीमांवरून कायद्याचा अंदाज बांधू नका, हेही इथेच सांगतो. कोलोन आणि ऱ्हाइनच्या डाव्या काठावर १८९९ अखेरपर्यंत नेपोलियनचीच संहिता चालू होती. उलट आल्झास आणि मोझेल १८७१ ते १९१८ जर्मनीत होते, फ्रान्समध्ये परतल्यावरही त्यांनी काही जर्मन गोष्टी सोडल्या नाहीत. तिथली जमिनीची नोंदवही आजही उरलेल्या फ्रान्सपेक्षा वेगळ्या पद्धतीने ठेवली जाते. तुमच्या फ्रेंच ग्राहकाचा कारखाना स्ट्रासबुर्गकडे असेल तर हे ध्यानात असू द्या.

आता निवाड्यांना किंमत नाही या समजुतीकडे येऊ. आपल्या अर्थाने बंधनकारक निवाडे तिथे नाहीत, हे खरं. पण जुन्या कलम १३८४ मधल्या 'आपल्या ताब्यातल्या वस्तूंबद्दल माणूस जबाबदार असतो' अशा आशयाच्या चार शब्दांतून फ्रेंच सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कूर द कासासियाँने, १९३० च्या जांदेर निवाड्यात वस्तू बाळगणाऱ्याची जबाबदारी गृहीत धरणारा आख्खा सिद्धांत उभा केला. मोटार अपघातांचा कायदा नंतर १९८५ मध्ये आला. तोपर्यंतची पन्नासेक वर्षं लोक संहितेवर नाही, त्या निवाड्यावर चालत होते. फरक निवाड्याच्या अंगकाठीत आहे. कासासियाँचे निकाल २०१९ पर्यंत एका लांबलचक वाक्यात, कारणं न उलगडता लिहिलेले असत, आणि त्यांचा अर्थ लावायला प्राध्यापकांच्या टिपा लागत. कार्लसरूहच्या जर्मन सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पानंच्या पानं चालतो, विद्वानांची मतं नावानिशी खोडतो किंवा उचलतो. जर्मन वकिलाचं मतप्रदर्शन हातात आलं तर त्याचा सांगाडा ओळखायला शिका: कोणाला, कोणाकडून, काय हवंय, आणि कुठल्या कलमाखाली. तुमचं उत्तरही त्याच क्रमाने गेलं तर वाटाघाटी निम्म्या वेळात होतात.

मालकीच्या मुद्द्यावर मात्र मी रेंगाळणार आहे. आपल्याकडे जमिनीचं साठेखत आणि खरेदीखत वेगळं असतं. साठेखताने मालकी मिळत नाही, ते पुढे विकण्याचं वचन असतं. जर्मन कायद्याने हीच फारकत टोकाला नेली आणि भाजीच्या जुडीलाही लावली. कलम ४३३ चा विक्रीकरार फक्त देणं-घेणं निर्माण करतो. मालकी हलते ती कलम ९२९ खाली, वेगळ्या सहमतीने आणि ताबा देऊन. जमीन असेल तर नोटरीपुढे वेगळी हस्तांतर-सहमती आणि मग भूमीनोंदवहीत नोंद. शिवाय हे दोन व्यवहार एकमेकांपासून स्वतंत्र मानले जातात. विक्रीकरार रद्दबातल ठरला तरी झालेलं हस्तांतर सहसा उभंच राहतं, आणि विकणाऱ्याला 'विनाकारण झालेला लाभ परत द्या' एवढाच दावा उरतो.

फ्रान्समध्ये उलट. कलम १५८३ प्रमाणे वस्तू आणि किंमत ठरली की विक्री पूर्ण. माल दिला नसेल, पैसे आले नसतील, तरी मालकी गेली. विक्रीचं परस्पर वचनसुद्धा कलम १५८९ खाली विक्रीच समजतात. तिथे घर घेताना लोक आधी ज्या कागदावर सह्या करतात तो आपल्या साठेखतासारखा दिसतो खरा, पण त्याचं वजन फार जास्त असतं. मालकी नोटरीच्या दस्तापर्यंत थांबवायची तर तसं त्यात लिहावं लागतं. करार रद्द ठरला की फ्रेंच कायद्यात मालकीही मागे फिरते.

रोजच्या व्यवहारात दोघांचा शेवट बऱ्याचदा एकच होतो, कारण प्रामाणिकपणे माल घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला दोघंही सांभाळतात. फरक खरा उघडा पडतो तो ग्राहक दिवाळ्यात गेल्यावर. म्हणून मी मसुद्यात पहिल्यांदा मालकी राखून ठेवण्याचं कलम शोधतो. जर्मनीत ते अगदी रुळलेलं आहे, माल पुढे विकला तर येणाऱ्या पैशांवर हक्क सांगण्यापर्यंत त्याची लांबी वाढवता येते. फ्रान्समध्ये ते माल पोचण्याआधी किंवा फार तर पोचताना लेखी मान्य झालेलं असावं लागतं, आणि दिवाळखोरीचा आदेश प्रसिद्ध झाल्यापासून ३ महिन्यांत मागणी केली नाही तर हक्क हातचा जातो. इनव्हॉइसच्या मागे बारीक अक्षरांत छापून नंतर पाठवलेल्या अटीवर विसंबू नका. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते: करारात कुठलाही कायदा निवडा, मालकीचा प्रश्न सहसा माल जिथे पडलाय तिथल्या कायद्याने सुटतो. माल न्हावा शेवाला आहे की ल हाव्रच्या गोदामात, यावर उत्तर बदलतं. तेव्हा हे एक कलम दोन ग्राहकांसाठी दोनदा लिहावंच लागेल.

दुसरं ठिकाण म्हणजे भाव आणि परिस्थिती. पोलादाचा भाव दुप्पट झाला तर? फ्रेंच कायद्याची जुनी कडक भूमिका १८७६ च्या क्रापोन कालव्याच्या निवाड्यात दिसते. प्रॉव्हान्समध्ये पाण्याचा दर १५६० च्या सुमारास ३ सू (जुनं फ्रेंच नाणं) असा ठरला होता. तीनशे वर्षांनी त्यात कालव्याची डागडुजीही होईना, म्हणून खालच्या कोर्टाने तो वाढवून दिला. कासासियाँने ते रद्द केलं: दोघांनी केलेला करार हाच त्यांचा कायदा, काळ कितीही लोटो, न्यायाधीशाने त्याला हात लावू नये. प्रशासकीय करारांच्या वेगळ्या न्यायालयाने १९१६ मध्ये बोर्दोच्या गॅस कंपनीला युद्धातल्या कोळशाच्या महागाईमुळे भरपाई दिली, पण खासगी करारांना क्रापोनचाच नियम लागत राहिला. तो मोडला थेट १ ऑक्टोबर २०१६ ला, नवीन कलम ११९५ आलं तेव्हा. आता फेरवाटाघाटी मागता येतात, त्या फसल्या तर न्यायाधीश करार बदलू किंवा संपवू शकतो.

जर्मनीत हे आधीच घडलं, तेही संहिता गप्प असताना. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. युद्धाआधीचं गहाणकर्ज लोक रद्दीच्या भावातल्या नोटांनी फेडत होते. २८ नोव्हेंबर १९२३ ला लाइपझिगच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम २४२, म्हणजे सद्भावनेने वागण्याचं एका ओळीचं कलम, हाताशी धरून सांगितलं की मार्काला मार्क हे तत्त्व इथे चालणार नाही, कर्जाचं फेरमूल्यन करा. यातून वाढलेला 'कराराचा पाया ढळला' हा सिद्धांत २००२ मध्ये कलम ३१३ म्हणून संहितेत आला. न्यायाधीश फक्त कलम वाचतो, असं पुन्हा कोणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण द्या.

आपण या बाबतीत जुन्या क्रापोनच्या जवळ आहोत. इंडोनेशियन कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी करार कायद्याच्या कलम ५६ चा, म्हणजे करार पाळणं अशक्य झालं तर सुटका देणाऱ्या कलमाचा, आधार मागितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग प्रकरणात तो नाकारला. त्यामुळे भारतीय पुरवठादाराला ११९५ आणि ३१३ ऐकून आनंद होतो. तो टिकत नाही. ११९५ करारातून वगळता येतं, आणि फ्रेंच ग्राहकांच्या मसुद्यात ते बहुधा वगळलेलंच असतं. ३१३ साठी जोखीम कोणी घेतली होती हे आधी पाहतात, आणि ठरावीक भाव कबूल केलेल्या व्यापाऱ्याची गय सहसा होत नाही. कच्च्या मालाच्या निर्देशांकाला बांधलेलं भाववाढीचं कलम स्वतः लिहा. कुठल्याही संहितेच्या भरवशावर बसू नका.

तिसरं ठिकाण छापील अटींचं. इथे बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो. जर्मन कायदा व्यापाऱ्यांच्या आपसातल्या छापील अटींनाही कडक चाळणी लावतो. जबाबदारी मर्यादित करणारं तुमचं आवडतं कलम तिथे सहज निरर्थक ठरू शकतं, आणि कोर्ट ते सौम्य करून वाचवत नाही, सरळ काढून टाकतं. या जाचाला कंटाळून खुद्द जर्मन कंपन्या कधी कधी स्विस कायदा निवडतात. 'हे कलम आम्ही समोरासमोर ठरवलं' असं एक वाक्य टाकून सुटका होत नाही, वाटाघाटी खरोखर झाल्याचा माग लागतो. ईमेल जपून ठेवा. फ्रान्समध्येही मूळ जबाबदारीच पोकळ करणारं कलम आणि एकतर्फी लादलेल्या करारातलं ठळक असमतोल निर्माण करणारं कलम २०१६ पासून गळून पडतं. पण माझ्या अनुभवात मोठ्या कंपन्यांच्या करारात त्याची धग कमी लागते. उशिराच्या दंडाचं उलट आहे. फ्रेंच न्यायाधीश अवाच्या सवा दंड स्वतःहून कमी करू शकतो. जर्मनीत व्यापाऱ्याने समजून-उमजून कबूल केलेला दंड कमी करून मागण्याची सोय जवळपास नाही.

फ्रान्सपुरता एक इशारा. बरीच वर्षं चाललेला व्यापारी संबंध पुरेशी नोटीस न देता तोडला, तर वाणिज्य संहितेच्या एल ४४२-१ खाली भरपाई लागते. १८ महिन्यांची नोटीस दिली असेल तर कमी मुदतीचा आक्षेप घेता येत नाही. हे हत्यार तुमच्याही हातात आहे आणि त्यांच्याही. नुसत्या पर्चेस ऑर्डरींवर चाललेला संबंधसुद्धा यात येतो.

करारापलीकडच्या नुकसानीबद्दल थोडक्यात. फ्रेंच कलम १२४० मोकळं आहे. जर्मन कलम ८२३ जीव, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता अशी यादी देतं, नुसता धंदा बुडाला तर ते बहुधा मदतीला येत नाही. झाड तोडताना विजेची तार तुटली आणि उबवणयंत्रातली अंडी खराब झाली, त्या १९६४ च्या खटल्यात भरपाई मिळाली, कारण अंडी ही मालमत्ता होती. तीच तार तुटून नुसता कारखाना बंद पडला असता तर निराळं.

आता तुमच्या मसुद्यातली सगळ्यात मोठी भोकं. 'जर्मन कायदा लागू' एवढंच लिहिलंत तर मालाच्या विक्रीला बीजीबी नव्हे, मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबद्दलचा देशादेशांतला १९८० चा व्हिएन्ना विक्री करार लागेल, कारण जर्मनी त्याचा सदस्य आहे आणि तो तिथल्या कायद्याचाच भाग आहे. फ्रान्सचंही तेच. भारत सदस्य नाही, म्हणून आपल्याकडे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. तो नको असेल तर नाव घेऊन वगळा. ठेवायचा की वगळायचा याचा विचार मात्र करा, कारण मालात खोट निघाल्यावर ग्राहकाने किती दिवसांत कळवायचं याबाबत तो थोडा सैल आहे, जर्मन वाणिज्य संहितेचं कलम ३७७ कडक आहे. विकणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, कडक नियमच सोयीचा.

दुसरं भोक अंमलबजावणीचं. जर्मनी आणि फ्रान्स आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालचे प्रदेश नाहीत, तिथल्या कोर्टाचा हुकूमनामा इथे थेट बजावता येत नाही, त्याच्या आधारे नवा दावा लावावा लागतो. लवादाचा निवाडा मात्र परदेशी लवाद-निवाडे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय न्यूयॉर्क करारामुळे बजावता येतो, दोन्ही दिशांनी. पैसे तुम्हालाच वसूल करायचे असण्याची शक्यता जास्त, म्हणून मी लवाद घेईन, आणि कामकाजाची भाषा इंग्रजी लिहून घेईन.

राहिला गोवा. तुमच्या सहकाऱ्याचं अर्धं खरं आहे. गोव्यात १८७० पासून आली ती १८६७ ची पोर्तुगीज संहिता. तिच्यावर फ्रेंच संहितेची छाप आहे, पण ती नेपोलियनची नव्हे. पोर्तुगालने १९६६ मध्ये जर्मन धर्तीची, सर्वसाधारण भाग असलेली नवी संहिता केली. गोवा तोवर मुक्त झाला होता, म्हणून तिथे जुनीच उरली. आता ती मुख्यतः कौटुंबिक बाबींपुरती आहे, वारसा आणि वाटपाचा भाग गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात गेलाय. तुमच्या पुरवठा कराराशी तिचा संबंध नाही, तिथेही आपलाच १८७२ चा करार कायदा चालतो. मात्र कंपनी उद्या वेर्ण्याला एखाद्या गोवेकराकडून जागा घेणार असेल तर विकणाऱ्याचं लग्न कोणत्या मालमत्ता-पद्धतीत झालंय ते आधी तपासा. सर्वसाधारण पद्धत दोघांच्या सामाईक मालकीची आहे, आणि खरेदीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात.